जॉर्ज सी. स्कॉटचा स्क्रूज पुन्हा पाहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चार्ल्स डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’वरचा १९८४ सालचा टीव्हीपट नाताळाच्या सुमारास अनेक जण पुन्हा काढून पाहतात आणि मग प्रश्न पाठवतात. बरेचसे प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं एका जागी ठेवली आहेत. गोष्टीचा शेवट खाली उघड सांगितला आहे. १८४३ साली छापून आलेल्या गोष्टीचं गुपित आता राखून काय करायचं?

१. या नावाचे डझनभर चित्रपट दिसतात. तुम्ही नेमक्या कोणत्याबद्दल बोलताय?

दिग्दर्शक क्लाइव्ह डॉनर, पटकथा रॉजर हर्सन, स्क्रूजच्या भूमिकेत जॉर्ज सी. स्कॉट. अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर १७ डिसेंबर १९८४ रोजी पहिल्यांदा दाखवला गेला. लांबी साधारण शंभर मिनिटं. ओळखायची सोपी खूण म्हणजे स्क्रूज. वाळका, नाकाडा म्हातारा दिसला तर तो दुसरा चित्रपट. यातला स्क्रूज भरदार अंगाचा आहे, जाड कल्ले राखलेला आहे आणि आवाजात जरब आहे.

२. गोष्टच माहीत नाही. आधी थोडक्यात सांगाल का?

लंडनमधला सावकार-व्यापारी एबेनेझर स्क्रूज. नाताळ म्हणजे थोतांड, असं त्याचं ठाम मत. कारकून बॉब क्रॅचिट गारठ्यात काम करतो आणि कोळशाची पेटी स्क्रूजच्या ताब्यात असते. भाचा फ्रेड दरवर्षी मामाला जेवायला बोलावतो आणि मामा दरवर्षी त्याला झटकून टाकतो. नाताळच्या आदल्या रात्री सात वर्षांपूर्वी मेलेला भागीदार जेकब मार्ली भूत होऊन येतो. त्याच्या अंगाभोवती साखळी असते आणि साखळीत गल्ले, किल्ल्या, कुलपं, खातेवह्या अडकवलेल्या असतात. तो बजावतो की तीन आत्मे येतील. भूतकाळाचा नाताळ, वर्तमानाचा नाताळ आणि पुढे येणारा नाताळ स्क्रूजला त्याचं आयुष्य दाखवतात. सकाळी उठतो तो बदललेला माणूस. हा बदल पटतो का, हा वेगळा प्रश्न आहे. त्यासाठी प्रश्न १८ पाहा.

३. आमच्या लहानपणी दूरदर्शनवर ‘अंकल स्क्रूज’ होता. तोच का हा?

नाव याच्यावरूनच घेतलं आहे. स्क्रूज मॅकडक हे बदक डिस्नेच्या कॉमिकमध्ये १९४७ साली आलं. चित्रकार कार्ल बार्क्स. पहिल्याच गोष्टीत नाताळ होता आणि बदक तितकंच खडूस होतं. पुढे ‘डकटेल्स’मध्ये ते बरंच मऊ झालं. नव्वदच्या दशकात रविवारी टीव्हीसमोर बसलेल्या आपल्या पिढीला आधी बदक भेटलं आणि माणूस नंतर.

४. टीव्हीसाठी बनवला, मग तो इतका मोठ्या पडद्यासारखा का दिसतो? काही ठिकाणी तर ‘थिएटरमध्ये प्रदर्शित’ असं लिहिलेलं आहे.

दोन्ही खरं आहे. अमेरिकेत तो टीव्हीवर आला, ब्रिटनमध्ये चित्रपटगृहांत लागला. अमेरिकेतल्या प्रक्षेपणाचं प्रायोजकत्व आयबीएम या संगणक कंपनीचं होतं. स्टुडिओतल्या पुठ्ठ्याच्या भिंतींवर भागवलेलं नाही. खऱ्या जुन्या गावात जाऊन छायाचित्रकार टोनी इमीने गल्ल्या टिपल्या, त्यामुळे चिखल, धुकं, तोंडातून निघणारी वाफ सगळं खरं वाटतं. गाव कोणतं ते प्रश्न ८ मध्ये आहे.

एक गोष्ट पुन्हा पाहताना लक्षात येते. काही दृश्यं चढत जातात आणि अचानक अंधार होतो. तिथे मूळ प्रक्षेपणात जाहिराती होत्या. त्या गेल्या, पण त्यांच्यासाठी केलेली रचना राहून गेली.

५. याच गोष्टीवर एवढे चित्रपट असताना हाच पुन्हा का पाहायचा?

कारण यातला स्क्रूज युक्तिवाद करतो.

बाकीच्या बहुतेक रूपांतरांत स्क्रूज पहिल्याच दृश्यापासून आजारी, चिडका, कुणाचं तरी देणं लागत असल्यासारखा वावरतो. प्रेक्षकाला त्याची कीव येते किंवा हसू येतं. स्कॉटचा स्क्रूज धडधाकट आहे, हुशार आहे आणि स्वतःवर खूश आहे. तो ओरडत नाही. समोरच्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतो, मग एक टोमणा हाणतो आणि स्वतःच गालातल्या गालात हसतो. नाताळची सुट्टी मागणाऱ्या बॉबला तो जे ऐकवतो त्यात एक सरळ हिशोब आहे: काम न करता एका दिवसाचा पगार घेणं म्हणजे दर २५ डिसेंबरला माझा खिसा कापणं. त्याच्या चौकटीत बसून पाहिलं तर तो बरोबर बोलतोय, आणि तीच अस्वस्थ करणारी गोष्ट आहे. असा माणूस आपल्या ओळखीचा असतो. कधी तो सोसायटीच्या मीटिंगमध्ये असतो, कधी ऑफिसात.

त्यामुळे तिन्ही आत्म्यांचं काम इथे वेगळं होतं. त्याला घाबरवून चालत नाही, त्याचा मुद्दा खोडावा लागतो.

तुलनेसाठी दोन चित्रपट जरूर पाहा. १९५१चा अ‍ॅलिस्टर सिमचा ‘स्क्रूज’, आणि १९९९चा पॅट्रिक स्टुअर्टचा टीव्हीपट. सिमचा बदल जास्त लोभस आहे, सकाळी उठल्यावरचं त्याचं येड्यासारखं नाचणं कुणालाच जमलेलं नाही. स्टुअर्टने ही गोष्ट आधी रंगमंचावर एकट्याने सादर केली होती, म्हणून त्याची शब्दांवरची पकड घट्ट आहे. पण उद्या माझ्याशी धंदा करायला कोण आला तर मी दचकेन, असं विचाराल तर उत्तर स्कॉट.

गंमत म्हणजे सिमच्या त्या चित्रपटाचा संकलक होता क्लाइव्ह डॉनर. म्हणजे तेहतीस वर्षांनी तोच माणूस तीच गोष्ट दिग्दर्शक म्हणून पुन्हा सांगायला बसला.

६. लंडनच्या म्हाताऱ्यासाठी अमेरिकन नट का घेतला?

निर्मिती अमेरिकन वाहिनीसाठी होती आणि स्कॉट हे तिथलं मोठं नाव. ‘पॅटन’साठी मिळालेलं ऑस्कर नाकारणारा हाच तो नट. स्क्रूजसाठी त्याला एमी पुरस्काराचं नामांकन मिळालं. उच्चार शंभर टक्के ब्रिटिश नाहीत, हे कान देऊन ऐकलं तर कळतं. पण भोवतीचे सगळे ब्रिटिश आणि हा एकटा बाहेरचा, याचा फायदाच झाला आहे. हा कुणातच मिसळत नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही.

७. बाकी कलाकार ओळखीचे वाटतात. कोण कोण आहेत?

बॉब क्रॅचिट झालेला डेव्हिड वॉर्नर तुम्ही ‘टायटॅनिक’मध्ये पाहिला आहे, रोझच्या मागावर असलेला तो थंड नजरेचा नोकर. आयुष्यभर खलनायक रंगवलेल्या या नटाला इथे सोसणारा, सरळ बाप करायला दिलं आहे, आणि म्हणूनच त्याचा बॉब मिळमिळीत होत नाही. त्याची बायको सुझॅना यॉर्क. मार्ली फ्रँक फिनले. भूतकाळाचा आत्मा अँजेला प्लेझन्स, डोनाल्ड प्लेझन्स यांची मुलगी. वर्तमानाचा आत्मा एडवर्ड वुडवर्ड. त्याच्याबद्दल प्रश्न ११ मध्ये. भाचा फ्रेड म्हणजे रॉजर रीस, आणि सुरुवातीचं निवेदनही त्याच्याच आवाजात आहे. मामाची गोष्ट भाचा सांगतोय, हे एकदा कळलं की पहिली दोन मिनिटं वेगळीच ऐकू येतात.

८. चित्रण लंडनमध्ये झालं का?

नाही. श्रूजबरीत. इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या सीमेजवळचं जुनं गाव. अरुंद गल्ल्या, लाकडी चौकटींची पुढे झुकलेली घरं. १८४०च्या लंडनसारखं दिसणारं सलग काही खुद्द लंडनमध्ये फारसं उरलेलं नव्हतं. डिकन्स स्वतः या गावात येऊन गेला होता, तिथल्या लायन हॉटेलात उतरला होता.

आणि हो, पुण्यातले वाचक दरवेळी विचारतात: कॅम्पातल्या बेकऱ्यांसमोर रांगा लावून घेतात त्या श्रूजबरी बिस्किटांचं गाव तेच. तिथल्या लोण्याच्या बिस्किटांची ख्याती काही शतकं जुनी आहे. इराणी बेकऱ्यांनी ती पुण्याची करून टाकली.

गावातल्या सेंट चॅड चर्चच्या आवारात स्क्रूजची कबर आहे, म्हणजे चित्रपटासाठी वापरलेली शिळा. चित्रण संपल्यावर ती तिथेच ठेवली आणि लोक खास ती बघायला येऊ लागले. नोव्हेंबर २०२४ मध्ये कुणीतरी ती फोडली तेव्हा बातमी जगभर झाली. त्याच चर्चमध्ये चार्ल्स डार्विनचा बाप्तिस्मा झाला होता. पण गर्दी होते ती कधीच न जन्मलेल्या माणसाच्या थडग्यापाशी.

९. पुस्तकाशी किती प्रामाणिक आहे? काय जास्तीचं घातलंय?

संवाद बरेचसे डिकन्सचेच, जवळजवळ जसेच्या तसे. भर घातली आहे ती मुख्यतः चार ठिकाणी.

स्क्रूज पहिल्या दिवशी धान्याच्या सौद्यासाठी एक्स्चेंजमध्ये, म्हणजे व्यापाऱ्यांच्या सौदेबाजारात, जातो. पुस्तकात हा सौदा नाही (प्रश्न १०). देणगी मागायला येणारे दोन सद्गृहस्थ पुस्तकात त्याच्या कचेरीत येतात, इथे ते त्याला एक्स्चेंजमध्येच गाठतात. पुलाखाली राहणारं एक बेघर कुटुंब नवीन आहे (प्रश्न ११). आणि स्क्रूजचा बाप, सायलस, प्रत्यक्ष पडद्यावर येतो.

हे शेवटचं मला सगळ्यांत आवडतं. पुस्तकात शाळेत एकटा पडलेल्या पोराला बहीण फॅन न्यायला येते आणि सांगते की बाबा आता पूर्वीपेक्षा खूप मायाळू झालेत, घर म्हणजे स्वर्ग झालंय. बाप आपल्याला दिसत नाही, म्हणून आपण तिच्यावर विश्वास ठेवतो. चित्रपटात बाप दारात बग्गीपाशी उभा आहे. नायजेल डेव्हनपोर्ट. पोराला वरपासून खालपर्यंत बघतो आणि सांगून टाकतो की घरी तीनच दिवस राहायचं, मग फेझीविग नावाच्या व्यापाऱ्याकडे उमेदवारीला जायचं. ना मिठी, ना पाठीवर हात. फॅनचा चेहरा पडतो आणि ती कशीबशी सावरून घेते. म्हातारा स्क्रूज बाजूला उभा राहून हे बघत असतो, आणि स्कॉट त्या क्षणी काहीही करत नाही. तो नुसता बघतो.

फ्रेडला होलीवेल हे आडनावही चित्रपटानेच दिलं आहे. फ्रेडच्या घरचा खेळही बदलला आहे, पण मामाची टिंगल तेवढीच.

१०. एक्स्चेंजमधलं धान्याचं दृश्य डोक्यावरून गेलं. काय चाललंय तिथे?

स्क्रूजकडे गोदामभर धान्य आहे. व्यापाऱ्यांना ते हवं आहे, पण भाव जास्त वाटल्याने त्यांनी निर्णय लांबवला. दुसऱ्या भेटीत स्क्रूज सांगतो की तुम्ही उशीर केलात, भाव पाच टक्क्यांनी वाढला. उद्या आलात तर आणखी पाच. ते म्हणतात, हा अन्याय आहे. तो म्हणतो, अन्याय असेल, पण धंदा आहे. व्यापारी मान खाली घालून सौदा मान्य करतात.

हे काही शेअरबाजारातलं आकड्यांचं खेळणं नाही. धान्य महाग म्हणजे पाव महाग, आणि पाव महाग म्हणजे बॉबसारख्यांच्या पोटाला चिमटा. इंग्लंडमध्ये १८४६ पर्यंत बाहेरच्या धान्यावर जकात बसवणारे कायदे होते आणि त्यामुळे भाव चढे राहत. १८४०च्या दशकाला तिथे ‘भुकेचं दशक’ म्हटलं जातं. साठेबाजी म्हणजे काय, हे आपल्याकडे कांद्याचे आणि डाळींचे भाव सोसलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

पटकथाकाराची हुशारी इथे आहे. डिकन्सचा स्क्रूज नेमका कसला धंदा करतो, हे पुस्तकात धूसर आहे. इथे त्याच्या श्रीमंतीचा आणि दुसऱ्याच्या भुकेचा धागा दहा मिनिटांत दाखवला, आणि तोही एकही भाषण न देता. भविष्यातल्या रात्री याच एक्स्चेंजमध्ये हेच व्यापारी ‘तो’ मेल्याची गंमत करत उभे असतात. दृश्य पुन्हा तिथेच आणल्यामुळे त्यांच्या हसण्याचा रागही येत नाही. दुपारी आपण त्यांना मान खाली घालताना पाहिलेलं असतं.

११. पुलाखालचं कुटुंब कशासाठी? आणि स्क्रूज त्यांना ‘संस्थेत का जात नाही’ असं का विचारतो?

‘संस्था’ म्हणजे वर्कहाउस. १८३४च्या कायद्याने इंग्लंडमध्ये गरिबांना मदत हवी असेल तर या घरात भरती व्हायची सक्ती झाली. जागा मुद्दाम नकोशी ठेवलेली: काम जड, अन्न बेताचं, आणि आत शिरताच नवरा एका भागात, बायको दुसऱ्या, मुलं तिसऱ्या. चित्रपटातला बेकार बाप म्हणूनच तिथे जायला तयार नाही. गाडीवरून सांडलेले बटाटे भाजून खाऊ, पण एकत्र राहू.

दुपारी देणगी मागणाऱ्यांना स्क्रूजने विचारलं होतं की तुरुंग आणि वर्कहाउसं बंद पडलीत का. लोक तिथे जाण्यापेक्षा मरण पत्करतात, असं उत्तर मिळाल्यावर तो म्हणाला होता: मग मरावं आणि जादा लोकसंख्या कमी करावी. हे त्या काळचं चारचौघांतलं मत होतं. त्याच्यामागे १७९८ साली आलेल्या माल्थसच्या निबंधाची छाया होती. लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते, म्हणून मदत केली की गरीब आणखी वाढतात, असा तो तर्क.

आता वुडवर्ड. त्याचा वर्तमानाचा आत्मा हिरव्या झग्यातला, दाढीवाला, गडगडाटी हसणारा आहे. पण हसताना त्याच्या डोळ्यांत धार असते. बॉबचा आजारी मुलगा टायनी टिम जगेल का, असं स्क्रूज विचारतो तेव्हा तो त्याचंच वाक्य त्याच्या तोंडावर फेकतो: मरायचा असेल तर मरू दे, जादा लोकसंख्या कमी होईल. कोण जगायचं आणि कोण मरायचं हे तू ठरवणार? देवाच्या दृष्टीने त्या गरीब पोरापेक्षा तूच जास्त निरुपयोगी असशील. वाक्यं पुस्तकातलीच आहेत. पण वुडवर्ड ती ज्या रागाने म्हणतो, त्याने आपणच खुर्चीत मागे सरकतो.

मग तो झग्याखालून दोन मुलं काढतो. मुलगा अज्ञान, मुलगी दैन्य. मुलापासून जास्त सावध राहा, असं बजावतो. खाणींत आणि कारखान्यांत राबणाऱ्या मुलांच्या चौकशीचे अहवाल वाचून डिकन्स हादरला होता. आधी त्याला त्यावर पत्रक काढायचं होतं, मग ठरलं की गोष्ट लिहू. ती दोन मुलं म्हणजे त्या पत्रकाचा उरलेला अर्क. यानंतर आत्मा निघून जातो आणि स्क्रूज त्या पुलाखाली, थंडीत, एकटा. ज्यांना संस्थेत पाठवायला निघाला होता, त्यांच्याच जागी. आपल्याला असं टाकून का दिलं, असं तो पुटपुटतो.

१२. यात सांताक्लॉज कुठे आहे? भेटवस्तू, सजवलेलं झाड काहीच नाही.

पुस्तकातही नाही. झाड सजवण्याची जर्मन रीत इंग्लंडच्या राजवाड्यात होती, पण सामान्य घरांत ती रुळली ती १८४८ मध्ये एका साप्ताहिकात राणीच्या कुटुंबाचं झाडाभोवतीचं चित्र छापून आल्यावर. पुस्तक त्याच्या पाच वर्षं आधीचं. वर्तमानाचा आत्मा हा इंग्लंडच्या जुन्या ‘फादर ख्रिसमस’च्या घराण्यातला; हिरवा झगा, पांढरी झालर, डोक्यावर काटेरी पानांचा मुकुट. मला अठराशेहून जास्त थोरले भाऊ आहेत, असं तो पुस्तकात सांगतो. दर वर्षाला एक भाऊ, हिशोब करून पाहा.

वसईतून आणि गोव्यातून विचारणा होते की यात गोठा नाही, मध्यरात्रीची मिस्सा नाही, हा कसला नाताळ? खरं आहे. डिकन्सचा नाताळ चर्चपेक्षा चुलीपाशी जास्त रमतो. धर्म आहे, पण पार्श्वभूमीला: बॉब टिमला खांद्यावर घेऊन चर्चमधून येतो, आणि बदललेला स्क्रूजही त्या सकाळी चर्चमध्ये जाऊन येतो, तेही पुस्तकात एका ओळीत.

१३. नाताळच्या दिवशी सकाळी स्क्रूज पोराला टर्की आणायला पाठवतो. दुकानं उघडी कशी?

तेव्हा असायची. कोंबड्या-बदकांचे विक्रेते आणि बेकरीवाले त्या दिवशी काम करत. कारण साधं आहे: गरिबांच्या घरी मोठा पक्षी भाजायला भट्टीच नसे. लोक आपापला हंस बेकरीत देऊन येत आणि भाजून झाला की उचलून आणत. क्रॅचिटांची दोन धाकटी पोरं बेकरीबाहेरच्या वासावरून ‘आपलाच हंस’ ओळखून धावत घरी येतात, तो प्रसंग यातूनच आला आहे. पुडिंग घरीच होतं, पण कपडे उकळायच्या तांब्याच्या हंड्यात, फडक्यात बांधून. झाकण काढल्यावर आधी धुण्याच्या दिवसाचा वास येतो, मग पुडिंगचा, असं डिकन्स लिहितो. हा वास मात्र कुठल्याच चित्रपटाला पकडता आलेला नाही.

१४. टायनी टिम मरतो की जगतो? त्याला झालंय तरी काय?

जगतो. मरतो ते फक्त ‘बदल न झालेल्या’ भविष्यात. पुस्तक हे स्पष्ट शब्दांत सांगतं. आजाराचं नाव डिकन्सने दिलेलं नाही. कुबडी आणि पायाला लोखंडी आधार एवढंच. डॉक्टर मंडळींनी नंतर मुडदूस, क्षय, मूत्रपिंडाचा विकार असे अंदाज बांधले आहेत. गोष्टीच्या दृष्टीने एवढं पुरे की पैसा असता तर बरा होण्याजोगा आजार आहे. या चित्रपटात स्क्रूजला टिम आत्म्यांच्या आधीच, कचेरीबाहेर भेटतो. बापाची वाट पाहत उभा असतो. पुस्तकात ही भेट नाही.

१५. बॉबचा पगार खरंच इतका कमी होता का?

आठवड्याला पंधरा शिलिंग. वीस शिलिंगांचा पौंड, म्हणजे वर्षाला एकोणचाळीस पौंड, त्यात सहा मुलं. उपाशी मरण्याइतका कमी नाही. चारचौघांत कारकून म्हणून कॉलर नीट ठेवायची आणि घरी हंसाचे वाटे मोजून करायचे, असा. थोरली मार्था टोप्यांच्या दुकानात राबते, पीटरला नोकरी लावायचं चाललेलं असतं. एक आकडा आणखी: या पुस्तकाची पहिली आवृत्ती पाच शिलिंगांना होती. बॉबच्या आठवड्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा.

१६. मार्ली तीन रात्री आत्मे येतील म्हणतो, मग स्क्रूज दुसऱ्याच सकाळी कसा उठतो?

पुस्तकातली ही जुनी गाठ आहे. मार्ली सलग तीन रात्रींचं वेळापत्रक देतो, आणि शेवटी स्क्रूज नाताळच्याच सकाळी जागा होतो. डिकन्सला हे माहीत होतं. आत्म्यांनी सगळं एका रात्रीत उरकलं, ते हवं ते करू शकतात, असं तो स्क्रूजच्याच तोंडून वदवून मोकळा होतो. घड्याळ लावून पाहू नका.

१७. लहान मुलांना दाखवावा का? आणि काही खटकतं का?

आठ-नऊ वर्षांच्या पुढे हरकत नाही. दोन जागा सांभाळा: मार्ली तोंडाभोवतीचं फडकं सोडतो आणि जबडा खाली पडतो तो क्षण, आणि दैन्य-अज्ञान ही मुलं. त्याहून लहान असतील तर मपेट्सवाला १९९२चा चित्रपट लावा. मायकेल केन त्यात बाहुल्यांसमोरही पूर्ण गांभीर्याने स्क्रूज करतो.

खटकणारं म्हणाल तर तिसऱ्या आत्म्याला दिलेला तो कर्कश, किरकिरा आवाज. पुस्तकातला आत्मा गप्प असतो आणि गप्प असल्यानेच भीती वाटते. शिवाय यातला टिम इतका फिकट आणि गोंडस आहे की त्याच्यावर कॅमेरा रेंगाळला की हात रिमोटकडे जातो.

१८. एका रात्रीत माणूस बदलतो, हे आजच्या काळात पटतं का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. या चित्रपटापुरतं सांगायचं तर बदल एका रात्रीत होतो, पण एका फटक्यात होत नाही. पायऱ्या मोजता येतात.

पहिली पायरी फेझीविगची. जुना मालक नाताळला पोरांना नाचवतो, खाऊ घालतो. आत्मा मुद्दाम डिवचतो: चार पैसे तर खर्च केले, त्यात एवढं काय कौतुक? आणि स्क्रूज उसळून मालकाची बाजू घेतो, की त्याने दिलेला आनंद लाखमोलाचा होता. बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात येतं की आपण आत्ता काय बोललो. बॉबची आठवण होते. म्हणजे त्याच्या हिशोबातली पहिली चूक त्याने स्वतःच काढली.

पुढे बेल, तरुणपणी त्याच्याशी लग्न ठरलेली मुलगी. तिला गमावल्याचं त्याला दुःख आहे, पण इथेही तो वाद घालत राहतो. मी शहाणपणाचंच वागलो, असं त्याला अजून म्हणायचं असतं. वर्तमानाच्या आत्म्यासमोर तो वाद तुटतो (प्रश्न ११). कबरीपाशी स्कॉट गुडघे टेकतो तेव्हा वाद संपलेलाच असतो. तिथे उरते ती विनवणी.

आणि सकाळनंतरचं पाहा. तो एकदम साखरेसारखा गोड होत नाही. टोमणे मारायची खोड तशीच आहे. दुसऱ्या दिवशी उशिरा आलेल्या बॉबला आधी दरडावून घाबरवतो, मग पगारवाढ सांगतो. भाच्याच्या घरी मात्र तो अवघडलेला असतो. फ्रेडच्या चेहऱ्यात बहिणीची सावली दिसते, तिच्यावर आपली माया होती, हे तो पहिल्यांदाच बोलून दाखवतो. नाच नाही, आरडाओरड नाही. दारात उभा राहून भाच्याची आणि सुनेची माफी मागणारा, शब्द सापडत नसलेला म्हातारा. मला हा बदल पटतो तो त्या अवघडलेपणामुळे.

१९. एवढं गाजलेलं पुस्तक, डिकन्सने खोऱ्याने पैसा ओढला असेल ना?

नाही. १९ डिसेंबर १८४३ ला बाजारात आलं, नाताळच्या आत पहिल्या सहा हजार प्रती संपल्या. पण जॉन लीचची रंगीत चित्रं, सोनेरी कडा, भारी बांधणी हा सगळा थाट डिकन्सच्याच हट्टाचा आणि खर्च त्याच्याच हिश्शातून. हजार पौंडांची आशा होती, पहिल्या आवृत्तीचे हाती आले सुमारे दोनशे तीस. जानेवारीत एकाने चोरटी आवृत्ती काढली. डिकन्सने खटला भरला, जिंकला, आणि चोराने दिवाळं जाहीर केल्यामुळे कोर्टाचा खर्चही याच्याच गळ्यात पडला.

२०. आधी पुस्तक वाचू की चित्रपट पाहू?

चित्रपट आधी चालेल. प्रश्न ९ मधला बापाचा प्रसंग पुस्तकात शोधायला जाल आणि सापडणार नाही, एवढंच. पुस्तक छोटं आहे, पाच भागांचं, आणि लेखकाचा हक्क केव्हाच संपल्यामुळे मूळ इंग्रजी मजकूर कायदेशीरपणे फुकट मिळतो. जमलं तर मोठ्याने वाचा. डिकन्स स्वतः हे पुस्तक सभागृहांत लोकांना वाचून दाखवायचा. १८५३ मध्ये बर्मिंगहॅमला सुरुवात केली, आणि मार्च १८७० मधल्या त्याच्या शेवटच्या जाहीर वाचनातही हेच होतं. पूर्ण वाचायला तीनेक तास लागतात. मार्लीचा भाग दिवे मालवून वाचा, आणि हंसाचा भाग जेवणाआधी वाचू नका.